बेसबॉलच्या मैदानाचे पैसे कुणी भरायचे?

१३ जून २०२३, मंगळवार. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कोलिसियम स्टेडियममध्ये त्या संध्याकाळी २७,७५९ माणसं जमली. त्या हंगामात याच मैदानावर कित्येक सामन्यांना पाच हजारही प्रेक्षक नव्हते. ॲथलेटिक्स हा ओकलंडचा बेसबॉल संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता, त्यामुळे ही गर्दी जिंकण्याच्या आशेने आलेली नव्हती. लोकांच्या अंगात हिरवे टी-शर्ट होते आणि त्यांवर एकच शब्द होता: ‘सेल’, म्हणजे ‘विका’. मालकाने संघ विकावा, पण गावातून नेऊ नये, एवढंच त्यांना सांगायचं होतं. संघाने टँपा बेला २-१ असं हरवून लागोपाठ सातवा विजय मिळवला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने हाच संघ लास वेगासला आणण्यासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणारं विधेयक १३ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी असेंब्लीने होकार दिला आणि तिसऱ्या दिवशी गव्हर्नर जो लोम्बार्डो यांची सही झाली. नोव्हेंबरमध्ये मेजर लीग या बेसबॉलच्या मोठ्या लीगमधल्या तीसही संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला, तेव्हा ४६,८८९ लोक निरोपाला आले होते.

चाहत्यांचा राग जॉन फिशर या मालकावर होता. २००५ मध्ये लू वुल्फ यांच्यासोबत त्यांनी सुमारे १८ कोटी डॉलरना संघ घेतला आणि पुढे खेळाडूंवर कमीत कमी खर्च करणाऱ्या संघांत त्याची गणना होऊ लागली. राग योग्यच आहे. पण फिशर यांनी उद्या संघ विकला तरी पुढचा मालक याच नियमांखाली खेळणार आणि पुढचं शहर याच कात्रीत सापडणार. बेसबॉलच्या मालकांना लोकांच्या करातून स्टेडियम मिळतं, कारण कायद्यानेच तशी सोय करून ठेवली आहे. ती सोय काढून घेतली पाहिजे. या खेळावर जीव असलेल्यांनी ही मागणी आधी केली पाहिजे, कारण नुकसान त्यांचंच सर्वांत जास्त होतं.

सुरुवात १९२२ पासून करावी लागते. बॉल्टिमोरच्या एका संघाने मोठ्या लीगविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला होता. तो संघ ज्या फेडरल लीगमध्ये होता, ती प्रतिस्पर्धी लीग मोठ्या लीगने मोडीत काढली, असा आरोप होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल लिहिला: बेसबॉलचे सामने हा त्या त्या राज्यातला स्थानिक खेळ आहे, खेळाडू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ही केवळ अनुषंगिक गोष्ट, म्हणून हा आंतरराज्य व्यापार नाही. आंतरराज्य व्यापार नाही, तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदाही लागू नाही. रेडिओवर सामने ऐकवण्याची तेव्हा जेमतेम सुरुवात होत होती. पुढे टीव्ही आला, विमानं आली, अब्जावधींचे करार आले, पण सूट जागची हलली नाही. १९५३ मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली. १९७२ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने ही सूट म्हणजे विसंगती आहे हे स्वतःच्या शब्दांत मान्य केलं आणि तरीही ती काढायची तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, काढावी, असं सांगून ५-३ ने निकाल दिला. मधल्या काळात मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना मात्र तशी सूट नाही, हे त्याच न्यायालयाने ठरवून टाकलं होतं. १९९८ मध्ये फ्लडच्या नावाने कायदा झाला. तो मोठ्या लीगमधल्या खेळाडूंच्या नोकरीच्या अटींपुरता आहे. संघ कुठे असावा, किती असावेत, कुणाचा इलाका कोणता, यांतलं काहीही त्याने बदललं नाही.

आता याचा स्टेडियमशी काय संबंध, ते बघू. लीगमध्ये ३० संघ आहेत. शेवटचे दोन, ॲरिझोना आणि टँपा बे, १९९८ मध्ये वाढवले गेले. त्यानंतर अमेरिकेची लोकसंख्या सहा कोटींहून जास्त वाढली, संघ मात्र तेवढेच. मागणी वाढते आहे आणि पुरवठा मालकांच्याच हातात आहे. संघ हवा असलेलं एखादं शहर कायम मोकळं राहिलं, की ज्यांच्याकडे संघ आहे त्या प्रत्येक शहराला धाक दाखवता येतो.

हा धाक कसा वापरला जातो, हे फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. या शहराने गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती उठवून त्या जागी छप्पर असलेलं स्टेडियम बांधलं. ते १९९० मध्ये उघडलं, तेव्हा शहराकडे संघच नव्हता. आधी मैदान बांधू, मग संघ येईल, असा हिशोब होता. संघ आला १९९८ मध्ये. मधल्या वर्षांत आणि बांधकाम चालू असतानाही त्या स्टेडियमचा उपयोग झाला तो इतर गावांतल्या मालकांना. शिकागो व्हाइट सॉक्सच्या मालकांनी १९८८ मध्ये तिकडे जाण्याची तयारी दाखवली. ३० जूनच्या रात्री इलिनॉयच्या विधिमंडळाची मुदत संपत होती. गव्हर्नर जिम थॉम्प्सन सभागृहात फिरून मतं गोळा करत होते. बारा वाजत आले तेव्हा सभागृहातलं घड्याळ थांबवलं गेलं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर विधेयक मंजूर झालं. व्हाइट सॉक्सना १९९१ मध्ये सरकारी पैशाचं नवं स्टेडियम मिळालं. सेंट पीटर्सबर्गच्या करदात्यांनी आपल्या पैशाने शिकागोच्या मालकाच्या हातात छडी दिली, असा याचा सरळ अर्थ.

तीच छडी १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर उगारली गेली. तिथल्या जायंट्स संघाच्या मालकांनी संघ टँपा बेच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्ग ज्या भागात आहे तिथल्या, गटाला विकायचं ठरवलं होतं. त्याआधी त्या भागातल्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठी सार्वजनिक पैसा द्यायला चार वेळा नकार दिला होता: सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ आणि १९८९, सांता क्लारा काउंटीत १९९०, सॅन होजेत १९९२. नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी हे स्थलांतर नाकारलं आणि पीटर मॅगोवन यांच्या गटाने संघ घेतला. सार्वजनिक पैसा मिळणार नाही हे पक्कं कळल्यावर नव्या मालकांनी काय केलं? बांधकामाचा बहुतेक खर्च स्वतः उभा केला. नावाचे हक्क पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीला विकले, कायमच्या आसनांचे परवाने आगाऊ विकले, उरलेलं कर्ज बँकांकडून घेतलं. समुद्राला लागून असलेलं ते मैदान २००० साली उघडलं आणि आजही देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांत त्याचं नाव घेतलं जातं. ‘आमच्याच्याने परवडत नाही’ हे मालकांचं वाक्य कितपत खरं असतं, ते पाहायचं असेल तर हे मैदान पाहावं. चार वेळा ठाम नकार मिळाल्यावर परवडायला लागलं.

आणि इथेच ओकलंडची गोष्ट परत सुरू होते. जायंट्स सॅन होजे-सांता क्लारा भागात जाऊ पाहत होते, तेव्हा शेजारच्या ॲथलेटिक्सचे तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी तो इलाका त्यांना सोडला. मोबदला घेतला नाही. जायंट्स तिकडे गेलेच नाहीत, पण इलाक्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला. पुढे ॲथलेटिक्सला सॅन होजेत मैदान बांधायचं होतं. म्हणजे तासाभराच्या अंतरावर, त्याच बे एरियात, त्याच चाहत्यांजवळ. जायंट्सनी हक्क सोडला नाही आणि लीगने निर्णय वर्षानुवर्षं टांगून ठेवला. सॅन होजे शहराने २०१३ मध्ये लीगवर खटला भरला. जानेवारी २०१५ मध्ये अपील न्यायालयाने १९२२ च्या त्याच सवलतीचा आधार घेऊन शहराचा दावा फेटाळला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात दोन कंपन्यांनी आपसांत ‘हा तालुका तुझा, तो माझा’ असं ठरवलं, तर तो गुन्हा ठरतो. बेसबॉलमध्ये ते घटनेच्या कलमासारखं पाळलं जातं. ॲथलेटिक्सला चाळीस मैलांवर जायची बंदी होती. साडेपाचशे मैलांवर दुसऱ्या राज्यात जायला तीसही मालक तयार झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फुटबॉलला अशी सूट नाही, तरीही फुटबॉलचे मालक बेसबॉलवाल्यांपेक्षा जास्तच सार्वजनिक पैसा उकळतात. ओकलंडचाच रेडर्स हा फुटबॉल संघ लास वेगासला गेला तो ७५ कोटी डॉलरचा सार्वजनिक पैसा मिळाल्यावर. शिवाय सूट नसल्यामुळेच रेडर्सने १९८२ मध्ये आपल्या लीगला न जुमानता लॉस एंजेलिस गाठलं होतं. मग सूट काढली तर संघ आणखी मोकाट पळतील, असं लीगचं म्हणणं असतं. त्यात तथ्य आहे, म्हणून एकटी सूट काढून पुरणार नाही हे मी मान्य करतो. पण सूट गेली तर सॅन होजेसारख्या शहराला न्यायालयाचं दार उघडतं. इलाक्याची वाटणी कायद्याच्या कक्षेत येते. मोठ्या महानगरात तिसरा संघ येण्याचा मार्ग मोकळा होतो. संघांची कृत्रिम टंचाई हाच धाकाचा पाया आहे आणि तो ढिला व्हायला लागतो. उरलेलं काम करांच्या कायद्यात आणि करारांच्या मजकुरात करायचं आहे.

करांच्या कायद्यातली गोम समजून घेतली नाही, तर आपलं शहर असा विचित्र करार का करतं हे कळतच नाही. शहरं स्टेडियमसाठी कर्जरोखे काढतात. महापालिकेच्या रोख्यांवरचं व्याज गुंतवणूकदाराला केंद्रीय प्राप्तिकरातून माफ असतं, म्हणून तो कमी व्याज घ्यायला तयार होतो. फरक भरून काढते केंद्राची तिजोरी, म्हणजे ज्यांनी तो संघ कधी पाहिलाही नाही अशा राज्यांतले करदातेसुद्धा. खासगी स्टेडियमसाठी हे होऊ नये म्हणून १९८६ च्या करसुधारणेत कसोटी घातली गेली. रोखे करपात्र ठरायचे तर दोन गोष्टी एकत्र घडायला हव्यात: इमारतीचा १० टक्क्यांहून जास्त वापर खासगी असावा आणि कर्जफेडीतला १० टक्क्यांहून जास्त पैसा त्या खासगी वापरातून यावा. स्टेडियमचा वापर जवळजवळ पूर्ण खासगीच असतो, तिथे काही करता येत नाही. मग करमाफी टिकवायला शहर दुसऱ्या बाजूने वाट काढतं. संघाकडून येणारं भाडं कर्जफेडीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवतं आणि उरलेले नव्वद टक्के विक्रीकर, हॉटेलकर, गाडीभाड्यावरचा कर यांतून भरतं. म्हणजे संघाने भाडं जास्त दिलं तर शहराचं कर्ज महाग होतं. लुबाडणूक थांबवायला केलेल्या कायद्याने लुबाडणुकीचा दरच ठरवून दिला. सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९९६ मध्ये ही पळवाट बुजवण्यासाठी विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. २०१७ च्या कर विधेयकात प्रतिनिधिगृहाने ही दुरुस्ती घेतली होती, अंतिम मसुद्यातून ती गळली. दोन ओळींची ही दुरुस्ती आहे. स्टेडियमच्या बाबतीत ‘खासगी वापर’ ही एकच कसोटी ठेवायची, ‘खासगी परतफेड’ ही काढून टाकायची.

‘स्टेडियम आलं की धंदा येतो’ हा युक्तिवाद मी थोडक्यात बाजूला ठेवतो, कारण त्यावर अर्थशास्त्रज्ञांत आता फारसा वाद उरलेला नाही. संघ वर्षाला १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. उरलेले २८४ दिवस एखादा संगीताचा कार्यक्रम सोडला तर तिथे कुलूप असतं. कुटुंबाने सामन्यावर खर्च केलेले दोनशे डॉलर बहुतेक वेळा त्याच शहरातल्या उपाहारगृहातून, सिनेमातून, मुलांच्या खेळण्यांतून वळलेले असतात. आणि त्यातला मोठा वाटा खेळाडूंच्या पगारात जातो, जे हंगाम संपला की आपापल्या राज्यात परततात. मैदानावरच्या नोकऱ्या हंगामी आणि अर्धवेळ असतात. हॉटेलांनी गजबजलेल्या लास वेगासमध्ये हिशोब वेगळा असेल असं सांगितलं जातं. पण तिथल्या पर्यटकाकडे पैसे खर्च करायला आधीच शंभर जागा आहेत. बेसबॉलने त्याच्या खिशात नवा पैसा टाकलेला नाही.

खरी मेख करारांच्या मजकुरात असते आणि तिथे वाचणाऱ्याने चष्मा पुसून बसावं.

मायामीचं उदाहरण घ्या. मार्लिन्सचं स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं. खर्चाचा मोठा भाग शहर आणि काउंटीने रोख्यांतून उचलला. त्यांतले काही रोखे असे होते की ज्यांचं व्याज आणि मुद्दल कित्येक वर्षं भरायचंच नाही. ते साठत जातं आणि पुढच्या पिढीने फेडायचं. अशा एका सुमारे ९ कोटी डॉलरच्या कर्जाची एकूण परतफेड शंभर कोटींच्या वर जाते. काउंटीला बदल्यात काय मिळणार होतं? ठरावीक मुदतीत संघ विकला गेला तर नफ्यातला ५ टक्के वाटा. मालक जेफ्री लोरिया यांनी २००२ मध्ये सुमारे १५ कोटी ८० लाखांना घेतलेला संघ २०१७ मध्ये १२० कोटींना विकला. मग हिशोब मांडला गेला: संघावरचं कर्ज वजा, कर वजा, सल्लागारांची फी वजा. नफा शून्य, म्हणून काउंटीचा वाटा शून्य. काउंटीला कोर्टात जावं लागलं आणि शेवटी ४२ लाख डॉलरवर तडजोड झाली. चूक एका शब्दात होती. वाटा ‘नफ्यावर’ ठरवला होता, तो ‘विक्रीच्या किमतीवर’ ठरवायला हवा होता. मिनेसोटाने ट्विन्सच्या मैदानासाठी २००६ मध्ये केलेल्या कायद्यात नेमकं तेच केलं: विक्रीच्या किमतीतला हिस्सा, दरवर्षी कमी होत जाणारा. त्यात वजाबाकीला जागाच नव्हती.

दुसरा शब्द ‘अद्ययावत’. सिनसिनाटी ज्या हॅमिल्टन काउंटीत आहे, तिथल्या मतदारांनी १९९६ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला आणि त्यातून रेड्ससाठी बेसबॉलचं आणि बेंगल्ससाठी फुटबॉलचं, अशी दोन मैदानं उभी राहिली. बेंगल्सच्या भाडेकरारात काउंटीने भविष्यात येऊ शकणाऱ्या तंत्रज्ञानाचाही खर्च उचलायचं कबूल केलं होतं. त्या यादीत होलोग्राफिक रिप्लेसुद्धा होता, जो अजून कुठल्याही मैदानावर बसलेला नाही. मतदारांना या कराच्या बदल्यात मालमत्ताकरात सवलत द्यायची हमी होती. पैसा पुरेना तेव्हा ती सवलत कापली गेली आणि काउंटीचं एक सार्वजनिक रुग्णालयही विकलं गेलं. ‘मैदान इतरांच्या तोडीचं ठेवू’ असं वाक्य करारात असेल, तर ‘तोडीचं’ म्हणजे काय आणि तो खर्च कुणाचा, हे आकड्यात लिहून घेतल्याशिवाय सही होता कामा नये.

तिसरा शब्द ‘दुरुस्ती’. सेंट पीटर्सबर्गचं ते जुनं स्टेडियम ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन वादळात सापडलं आणि छपराचं कापड फाटून लोंबलं. दुरुस्तीची जबाबदारी करारानुसार शहराची होती. त्याच वर्षी जुलैमध्ये शहराने आणि काउंटीने १३० कोटींच्या नव्या स्टेडियमला मंजुरी दिली होती. मार्च २०२५ मध्ये संघाने त्यातून अंग काढून घेतलं. नवं मैदान गेलं, जुन्याच्या छपराचं बिल मात्र शहराकडे राहिलं.

भाडेकराराची मुदत आणि कर्जाची मुदत जुळते का, हेही पाहावं. ओकलंडने १९९५ मध्ये रेडर्स फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी कोलिसियमच्या पूर्वेकडे अवाढव्य सज्जा बांधला. बेसबॉलच्या प्रेक्षकांना समोर दिसणारे डोंगर त्या भिंतीने झाकले गेले. रेडर्स २०२० मध्ये गेले. सज्ज्याच्या कर्जाचे हप्ते शहर आणि अलमेडा काउंटी त्यानंतरही भरत राहिल्या. टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये १९९४ साली सरकारी मदतीने बांधलेलं रेंजर्सचं मैदान २६ वर्षांत टाकून दिलं गेलं, कारण त्याला छप्पर नव्हतं. नव्या मैदानासाठी शहराने पुन्हा ५० कोटींपर्यंत पैसा दिला. त्या पहिल्या मैदानाने एका माणसाचं भलं केलं, हे खरं: रेंजर्समध्ये सुमारे सहा लाख डॉलर घातलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना १९९८ मध्ये संघ विकला गेल्यावर सुमारे दीड कोटी मिळाले.

राजकारणाबद्दल बोलायचं तर या प्रश्नावर पक्षांच्या रेघा पुसल्या जातात आणि हीच आशेची जागा आहे. २०२१ मध्ये जॉर्जियाच्या नव्या मतदान कायद्यामुळे लीगने ऑल-स्टार सामना अटलांटाहून डेन्व्हरला हलवला. लगेच टेड क्रूझ, जॉश हॉली आणि माइक ली या रिपब्लिकन सिनेटरांनी बेसबॉलची सूट रद्द करणारं विधेयक आणलं. पुढच्याच वर्षी बर्नी सँडर्स यांनी दुसऱ्या टोकाकडून तेच मागितलं. २०२३ मध्ये ओकलंडच्या प्रतिनिधी बार्बरा ली यांनी, शहर सोडणाऱ्या मालकाने भरपाई दिली नाही तर सूट काढावी, असं विधेयक मांडलं. यातलं काहीच मंजूर झालं नाही. क्रूझ यांचं कारण मला पटत नाही. लीगने एखाद्या कायद्यावर मत दिलं म्हणून शिक्षा करायची, ही वाईट प्रथा पडेल. पण मागणी बरोबर होती. सूट रद्द व्हायला हवी ती शिक्षा म्हणून नाही, तर १९२२ मधलं तिचं कारण केव्हाच संपलं म्हणून.

मतदार मात्र कधीकधी शिक्षा करतात. विस्कॉन्सिनमध्ये १९९५ साली ब्रुअर्स या बेसबॉल संघाच्या मैदानासाठी पाच काउंट्यांत विक्रीकर बसवताना जॉर्ज पेटॅक या राज्य सिनेटरने पहाटे आपलं मत फिरवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या मतदारांनी मुदतीआधीच मतदान घेऊन त्यांना पदावरून हटवलं आणि राज्याच्या सिनेटमधलं बहुमत उलटलं. मायामी-डेडचे महापौर कार्लोस अल्वारेझ यांना २०११ मध्ये अशाच मतदानात जावं लागलं. मालमत्ताकरातल्या वाढीबरोबर स्टेडियमचा करारही लोकांच्या रागात होता. एप्रिल २०२४ मध्ये मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीने रॉयल्स हा बेसबॉल संघ आणि चीफ्स हा फुटबॉल संघ यांच्या मैदानांसाठीचा कर ५८ टक्क्यांनी नाकारला. दोन महिन्यांत शेजारच्या कॅन्सस राज्याने खास अधिवेशन भरवून ७० टक्क्यांपर्यंत खर्च रोख्यांतून उचलायची तयारी दाखवली. एका काउंटीचा नकार पुरत नाही तो असा. शेजारी बोली लावायला बसलेला असेल तर केंद्राच्या कायद्याशिवाय इलाज नाही.

खेळ म्हणून बेसबॉल आज चांगल्या स्थितीत आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आलं: तेव्हा बेस रिकामे असताना पिचरला १५ सेकंद, कुणी बेसवर असेल तर २०. नऊ इनिंग्जचा सरासरी सामना ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. नियम आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरच्या संघांत, काही हंगाम तपासले, चुका काढल्या, मग वर आणले. इतकं नीटनेटकं काम हीच लीग करू शकते. तिने मनावर घेतलं तर आयोवातल्या माणसाला सहा संघांचे सामने ‘स्थानिक’ म्हणून प्रक्षेपणाचे पैसे भरूनही वर्षानुवर्षं बघता येत नव्हते, हा प्रकार केव्हाच थांबला असता. ज्या मायनर लीगने हे नियम तपासून दिले, तिथले चाळीसच्या वर संघ २०२० मध्ये लीगने संलग्नतेतून काढून टाकले. त्यांतल्या काहींनी कोर्टात जाताच पुन्हा १९२२ ची सूटच आडवी आली. खेळाडूंचं तिथे थोडं बरं झालं, ते २०२२ मध्ये त्यांनी संघटना केली म्हणून: ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा वर्षाचा किमान पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला. मालकांनी तो आपणहून दिला नव्हता. मोठ्या लीगमधला कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्या सुमाराला पगारांवर मर्यादा घालावी की नाही, एवढीच चर्चा सगळीकडे होईल. शोहेई ओहटानी या खेळाडूच्या कराराचे ७० कोटी डॉलर पुन्हा पुन्हा दाखवले जातील. खेळाडूच्या पगाराचा आकडा जाहीर असतो. शहरांनी दिलेल्या जमिनीचा, माफ केलेल्या मालमत्ताकराचा, रस्ते आणि गटारांचा आकडा एका ठिकाणी कुणी लिहीत नाही. तो लिहिला जाईपर्यंत पगाराची चर्चा अर्धवटच राहील.

मराठी वाचकांपैकी बरेच जण बे एरियात, डॅलसजवळ, न्यू जर्सीत राहतात आणि त्यांच्यासाठी हा परक्याचा प्रश्न राहिलेला नाही. जून २०२५ मध्ये ओकलंडच्या त्याच कोलिसियमवर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. फिन ॲलनने १९ षटकार मारले ते याच मैदानावर. टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरीचं क्रिकेट स्टेडियम आधी बेसबॉलचं मैदान होतं. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये विश्वचषकासाठी तात्पुरतं ३४,००० आसनांचं स्टेडियम उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत तिथे दर शनिवार-रविवारी खेळणारे क्रिकेटपटूच पुढे होते, कारण त्यांच्या खेळपट्ट्या कित्येक महिने बंद राहणार होत्या. प्रस्ताव मागे घेतला गेला आणि सामने नासाऊ काउंटीत झाले. क्रिकेटची लीग उद्या तुमच्या काउंटीत जमीन मागायला येईल, तेव्हा काउंटीच्या संकेतस्थळावर भाडेकराराचा मसुदा टाकलेला असतो. त्याची व्याख्यांची पानं आधी उघडा. ‘नफा’, ‘भांडवली दुरुस्ती’, ‘तोडीचं’ आणि ‘स्थलांतर’ हे चार शब्द शोधा. त्यांच्यापुढे आकडा आणि तारीख नसेल, तर सुनावणीच्या दिवशी माइकसमोर उभं राहून तोच प्रश्न विचारा. बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.